सॅम्युएल गॉम्पर्स : युनियनची वर्गणी सक्तीची असावी का?

युनियनने करार केला की पगारवाढ सगळ्यांनाच मिळते, वर्गणी भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्यालाही. मग ही वर्गणी सक्तीची असावी का? अमेरिकेत आज या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. खासगी नोकरीत एक, सरकारी नोकरीत दुसरे. या वादाची मुळे सॅम्युएल गॉम्पर्स यांच्या आयुष्यात सापडतात.

सिगारचा कारखाना

गॉम्पर्स यांचा जन्म २७ जानेवारी १८५० रोजी लंडनमध्ये, हॉलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात झाला. वडील सिगार वळण्याचे काम करत. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि थोड्याच काळात मुलगाही वडिलांच्या धंद्याला लागला. १८६३ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. पुढच्याच वर्षी गॉम्पर्स सिगार कामगारांच्या युनियनचे सभासद झाले.

तेव्हा सिगारच्या कारखान्यात एक पद्धत होती. सगळे सिगार वळत बसलेले असताना एक जण वर्तमानपत्र किंवा पुस्तक मोठ्याने वाचायचा. त्याची मजुरी बुडू नये म्हणून बाकीचे आपण वळलेल्या काही सिगार त्याला द्यायचे. गॉम्पर्स यांनीही असे वाचन पुष्कळ केले. ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा खर्चही सर्वांनी उचलायचा, हा साधा हिशेब ते इथेच शिकले.

संप मोडला तेव्हा

१८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सिगार कामगारांनी मोठा संप केला. युनियनच्या तिजोरीत पुरेसा पैसा नव्हता. संपकऱ्यांच्या घरी उपासमार सुरू झाली आणि संप मोडला. गॉम्पर्स यांना पुढे काही महिने कोणी काम देईना. घरातल्या वस्तू गहाण टाकाव्या लागल्या.

यातून त्यांनी आणि त्यांचे सहकारी अ‍ॅडॉल्फ स्ट्रासर यांनी युनियनची घडी बदलली. वर्गणी वाढवली, पण त्या बदल्यात आजारपण, बेकारी आणि मृत्यू अशा प्रसंगी सभासदाला मदत मिळू लागली. त्यामुळे मंदीतही कामगार युनियन सोडेनासे झाले. १८८६ मध्ये ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर’ स्थापन झाली. मधले एक वर्ष सोडले तर मृत्यूपर्यंत गॉम्पर्सच तिचे अध्यक्ष होते.

खासगी आणि सरकारी

फुकट लाभ घेणाऱ्यांचा प्रश्न मात्र उरला. त्यावरचा युनियनचा उपाय म्हणजे ‘क्लोज्ड शॉप’. यात फक्त युनियनच्या सभासदांनाच कामावर ठेवायचे, असा करार मालकाशी केला जाई. गॉम्पर्स या पद्धतीचे खंदे समर्थक होते. सरकारी कायद्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. मालक आणि कामगार यांच्यातला करार त्यांना अधिक भरवशाचा वाटे.

पण मालक स्वतः सरकारच असेल तर? १९०३ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात हा पेच उभा राहिला. पुस्तकबांधणी विभागातल्या एका सहायक फोरमनला युनियनने काढून टाकले आणि त्यामुळे त्याची नोकरीही गेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला परत कामावर घ्यायला लावले. सप्टेंबरमध्ये गॉम्पर्स आणि इतर नेते त्यांना भेटले, पण ते बधले नाहीत. सरकारी नोकरी कायद्याने सर्व नागरिकांना खुली आहे, तिथे युनियनचा सभासद असणे किंवा नसणे पाहता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

१९१९ मध्ये बोस्टनच्या पोलिसांनी फेडरेशनशी जोडलेली युनियन काढली आणि संप केला. संपकरी पोलिसांना परत घ्यावे, ही गॉम्पर्स यांची विनंती गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी फेटाळली. सरकारी नोकर हा वेगळा कामगार मानला जाणार, हे पुन्हा एकदा दिसले. १३ डिसेंबर १९२४ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे गॉम्पर्स यांचे निधन झाले.

आज काय स्थिती आहे?

१९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ‘क्लोज्ड शॉप’ बंद केले आणि सक्तीच्या वर्गणीवर बंदी घालण्याची मुभा राज्यांना दिली. सध्या २६ राज्यांत अशी बंदी आहे. इतर राज्यांत खासगी कंपनीतल्या बिगरसभासदाकडून वाटाघाटींच्या खर्चाचा वाटा घेता येतो. राजकीय खर्चासाठी मात्र त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

सरकारी नोकरांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये अशीच परवानगी दिली होती. २०१८ च्या ‘जेनस’ निकालाने ती पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. सरकारशी पगाराबद्दल बोलणे म्हणजे सार्वजनिक धोरणावरच बोलणे, त्यासाठी पैसे देण्याची सक्ती म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग, असे बहुमताने ठरले. खासगी मालकाला हे बंधन लागू होत नाही, कारण राज्यघटनेतील ती तरतूद सरकारला बांधते.

त्यामुळे आता सरकारी नोकरांच्या युनियनला प्रत्येक कर्मचाऱ्याकडे जाऊन वर्गणी का भरावी हे पटवून द्यावे लागते. १८७७ चा संप मोडल्यावर सिगार कामगारांपुढे गॉम्पर्स यांनाही नेमके हेच करावे लागले होते.