अक्षरांचा कारागीर : विल्यम कॅस्लन

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. वडील आजही अंगठा उठवतात. म्हणूनच की काय, दुसऱ्यांच्या वाचनासाठी अक्षरे घडवणाऱ्या या कारागिराचे चरित्र मला जवळचे वाटले.

विल्यम कॅस्लन यांचा जन्म १६९२ साली इंग्लंडमधील क्रॅडली येथे झाला. १७०६ साली ते लंडनला उमेदवारीस लागले. काम होते बंदुकांवर नक्षी कोरण्याचे. पुढे तोच हात छपाईच्या खिळ्यांकडे वळला. त्या काळी इंग्रज मुद्रक बहुधा हॉलंडचे खिळे वापरीत. कॅस्लन यांनी स्वतः पोलादी ठसे कोरले आणि १७३४ साली आपल्या अक्षरांचा नमुना-तक्ता छापला. या अक्षरांच्या टोकांना लहान पाय असतात. जाड-बारीक रेषांतला फरक बेताचा. सुटे अक्षर जरा ओबडधोबड दिसते, पण पानभर वाचताना डोळा शिणत नाही.

१७६६ साली ते वारले. दहाच वर्षांनी अमेरिकेने इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, तो छापला गेला याच इंग्रजी खिळ्यांनी!

सध्या मी वडिलांना सही शिकवतो आहे. त्यांचे एकेक अक्षर वाकडे येते. पण ओळीत नाव वाचता येते.