पंडिता रमाबाई आणि धर्माची वही

अकोल्याच्या जुन्या शहरांतील कोणताही व्यापारी हिशेबाची वही तपासल्यावांचून सही करीत नाहीं. धर्माच्या बाबतींत मात्र वही उघडणें हेंच पाप, अशी आमची समजूत! म्हणून कोणी पूर्वजांचा धर्म सोडला कीं पैशाचा लोभ अथवा पाद्र्याची फूस, एवढीं दोनच कारणें आम्हांस सुचतात. पंडिता रमाबाईंचें चरित्र या समजुतीस चोख उत्तर आहे.

रमाबाई १८५८ सालीं अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरीं जन्मल्या. संस्कृत त्यांस आईनें शिकविलें. दुष्काळांत आईबाप गेले. भावासह तीर्थें हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता ही पदवी दिली. पुढें स्त्रियांस व्याख्यानें देण्यासाठीं त्यांनीं धर्मशास्त्रें वाचलीं. एरव्हीं परस्परांशीं न जुळणारे ग्रंथ स्त्रीस हीन लेखण्यांत आणि पतिसेवेवांचून तिला गति नाहीं असें सांगण्यांत एकमत आहेत, असें त्यांस आढळलें. केशवचंद्र सेनांनीं वेदाची प्रत हातीं दिली तेव्हां त्या प्रथम कचरल्या; कारण पदवी मिळाली तरी शास्त्राप्रमाणें वेदाचा अधिकार नव्हता! त्यांची श्रद्धा ढळली ती अशा वाचनानें.

१८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण बुद्धि तेथेंही गहाण ठेविली नाहीं. ज्या भगिनींच्या आश्रयास त्या होत्या, त्यांच्याशींच त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनीं पत्रोपत्रीं वाद मांडला. बायबलांत जें आपणांस दिसत नाहीं, तें केवळ चर्चच्या आज्ञेनें मानण्यास त्यांनीं नकार दिला. विकत घेतलेला मनुष्य अन्नदात्याशीं असा भांडतो काय?

१८८९ सालीं मुंबईंत त्यांनीं शारदासदन काढलें. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं एका विधवेशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विवाह केला. त्याच वर्षीं सदनांतील मुलींच्या धर्मांतराच्या संशयावरून पुण्यांत वादळ उठलें, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. पालकांची भीति अगदींच निराधार नव्हती. परंतु त्या विधवांसाठीं तोंवर आम्हीं कोणतें घर उघडलें होतें? १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील निराधार मुलींस रमाबाईंनींच आश्रय दिला. १९२२ सालीं त्या निवर्तल्या.

त्यांचा निर्णय सर्वांस पटावा असा आमचा आग्रह नाहीं. परंतु घरच्या लेकीनें उद्यां तोच प्रश्न विचारल्यास तिला दटावूं नका. वही तिच्यापुढें उघडा, आणि चुकीची बाकी असेल तर ती स्वतः दुरुस्त करा.