पाऱ्यावर विश्वास ठेवणारा जूल

डिसेंबर-जानेवारीत वऱ्हाडात थंडी पडली, की फिश टँक ठेवणाऱ्या घरांतून एक तक्रार ऐकू येते. हीटरचा लाल दिवा लागलेला आहे, पण पाणी गार आहे आणि मासे तळाशी निपचित पडले आहेत. हीटर गेला असे समजून लोक नवा आणतात. आठ दिवसांनी त्याचीही तीच गत. या तक्रारीचे निम्मे उत्तर इंग्लंडमधल्या एका तरुणाने १८४१ सालीच छापून ठेवले आहे. त्याचे नाव जेम्स प्रेस्कॉट जूल. शाळेच्या पुस्तकात ऊर्जेचे एकक म्हणून हे नाव आपण पाठ करतो, पण त्यामागचा माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो.

जूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड येथे झाला. घरचा बिअरचा कारखाना होता. मुलगा प्रकृतीने नाजूक आणि स्वभावाने बुजरा, त्यामुळे शिक्षण घरीच झाले. पुढे वडिलांनी त्याला आणि त्याच्या भावाला जॉन डाल्टन यांच्याकडे शिकायला पाठवले. अणुसिद्धान्त मांडणारे तेच हे डाल्टन. त्यांना पक्षाघात झाला आणि शिकवणी सुटली. कॉलेजात जूल गेलाच नाही. तो कारखान्याचे काम पाहू लागला. बिअर करताना तापमान थोडे चुकले तरी सगळा माल बिघडतो, म्हणून थर्मामीटर नीट वाचण्याची सवय त्याला कामातूनच लागली असावी.

घरच्याच प्रयोगशाळेत त्याने विजेवर प्रयोग सुरू केले. काचेच्या नळीभोवती तार गुंडाळायची, ती पाण्यात बुडवायची, बॅटरीची वीज सोडायची आणि पाणी किती तापले ते थर्मामीटरवर बघायचे. फिश टँकचा हीटर म्हणजे जवळपास हेच यंत्र. फक्त तार आता नळीच्या आत गेली आहे आणि ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट जोडला आहे. जूलला आढळले, की तारेतला प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता.

हा वर्गाचा नियम आपल्या घरात कसा लागू होतो ते पाहू. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरचे उदाहरण घ्या. महानुभावांचे तीर्थ, श्रीगोविंदप्रभूंचे गाव म्हणून ते महाराष्ट्राला माहीत आहे. या भागात संत्र्याच्या बागा आहेत आणि हिवाळ्यात हरभरा-गव्हाचे ओलित चालते. विजेच्या लाइनवर विहिरीच्या पंपांचा भार पडला, की व्होल्टेज उतरते. समजा २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले. लाल दिवा लागतोच, पण १०० वॉटचा हीटर सुमारे ६१ वॉटचाच उरतो. व्होल्टेज पाव भागाहूनही कमी उतरले, उष्णता मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. हीटर बदलून यात काही फरक पडत नाही. व्होल्टेज तपासून घ्यावे आणि टाकीवर झाकण ठेवावे.

पुढची काही वर्षे जूलने एकाच प्रश्नामागे घालवली. उष्णता हा एक न दिसणारा द्रव आहे, असे तेव्हाचे अनेक विद्वान मानत. जूलचे म्हणणे होते, की काम केले की उष्णता मिळते आणि दोहोंचा हिशेब ठरलेला आहे. खाली उतरणाऱ्या वजनांनी त्याने पाण्यातले वल्ह्यांचे चाक फिरवले आणि पाणी किती तापते ते मोजले. तापमानातला फरक इतका बारीक होता, की लोकांचा विश्वासच बसेना. १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क येथील सभेत त्याने निष्कर्ष मांडले, पण कोणी फारसे लक्ष दिले नाही. नंतरचा एक निबंध रॉयल सोसायटीने छापायला नकार दिला. त्याने वाद घातला नाही, अधिक चांगला थर्मामीटर बनवून घेतला.

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत विल्यम थॉमसन या तरुण प्राध्यापकाने त्याचे काम ओळखले. हाच पुढचा लॉर्ड केल्व्हिन. त्याच वर्षी जूलचे लग्न झाले. नवी जोडी आल्प्समध्ये फिरायला गेली असताना जूल हातात लांब थर्मामीटर घेऊन धबधब्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्यातला फरक मोजायच्या बेतात होता, अशी आठवण थॉमसनने पुढे सांगितली आहे.

दवाखान्यात आम्ही कपाळाला हात लावून तापाचे औषध देत नाही, आधी थर्मामीटर लावतो. हीटरचेही तसेच करावे. टाकीत वेगळा थर्मामीटर ठेवावा आणि घड्याळ लावावे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४,२०० जूल लागतात. म्हणजे ५० लिटरच्या टाकीत १०० वॉटच्या हीटरने पाणी एक अंशाने चढायला किमान ३५ मिनिटे हवीत, थंडीत त्याहून जास्त. दिवा लागलेला, व्होल्टेज ठीक, तरी दोन तासांत पारा जराही हलला नाही, तर आतली तार तुटली असावी. पाणी ठरवल्यापेक्षा गार असूनही दिवा लागत नसेल, तर आधी प्लग पाहावा, मग थर्मोस्टॅटचा संशय घ्यावा. सर्वांत वाईट बिघाड उलटा असतो. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटतात, दिवा विझतच नाही आणि पाणी तापत जाते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. असा हीटर लगेच बंद करून टाकून द्यावा. गोल्डफिशसारख्या थंडी सोसणाऱ्या माशांना तर आपल्याकडे बहुधा हीटर लागतही नाही.

तरुणपणी जूल आणि त्याचा भाऊ एकमेकांना, घरच्या नोकरांनासुद्धा, विजेचे झटके देऊन बघत, असे सांगतात. आपल्या घरातल्या २३० व्होल्टशी असा खेळ जिवावर बेतेल. ओल्या त्वचेतून वीज सहज शिरते आणि हृदयाची लय क्षणात बिघडवते. म्हणून टाकीत हात घालण्याआधी प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर हीटर पंधरा-वीस मिनिटे पाण्यातच राहू द्यावा. गरम काच हवेत आली की तडकते. नळीला तडा दिसला किंवा आत ओल दिसली, तर हीटर पुन्हा लावू नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवेच. कोणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी जोराने, भरभर दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

जूलचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. लग्नानंतर सातच वर्षांनी, १८५४ मध्ये, पत्नी दोन लहान मुले मागे ठेवून वारली. कारखाना विकला गेला. प्रयोगांवर घरचा पैसा खर्च होत राहिला आणि उतारवयात सरकारी पेन्शनचा आधार घ्यावा लागला. तरीही साठीला टेकलेला असताना त्याने तोच जुना प्रयोग पुन्हा केला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती काम लागते, याचा त्याचा आकडा १८७८ मध्ये ७७२.५५ फूट-पौंड आला. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी तो गेला. त्याच वर्षी पॅरिसच्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचे नाव दिले होते. मँचेस्टरजवळच्या सेल येथे त्याची कबर आहे. तिच्यावर नावासोबत तो आकडाही कोरलेला आहे.