शाहजादा मुराद ह्याचें चरित्र व त्यावरून घेण्याचा बोध

दौलताबादचा किल्ला आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला आहे. देवगिरीचे यादव, महंमद तुघलक, मलिक अंबर हीं नांवें त्या डोंगराकडे पाहतांच आठवतात. परंतु त्या किल्ल्यापासून वीस कोसांवर, पूर्णा नदीच्या कांठीं, १५९९ सालच्या मे महिन्यांत अठ्ठावीस वर्षांचा एक राजपुत्र आपल्या छावणींत मरण पावला, हें थोड्यांस ठाऊक असेल. त्याला शत्रूनें मारिलें नाहीं, दारूनें मारिलें. अकबर बादशहाचा दुसरा पुत्र शाहजादा मुराद तो हाच. त्याचें चरित्र आम्ही येथें सांगतों, कारण त्या राजघराण्यांत ज्या चुका झाल्या त्याच आमच्या खेड्यांतील घरांत आजहि होत आहेत.

मुरादचा जन्म १५७० सालीं फत्तेपूर शिक्रीच्या टेकडीवर झाला. म्हणून बाप त्याला कौतुकानें पहाडी म्हणत असे. १५८० सालीं गोव्याहून येशूसंघाचे पाद्री अकबराच्या दरबारीं गेले, तेव्हां त्यांपैकीं आंतोनियो मोन्सेराते ह्यांच्या स्वाधीन बादशहानें ह्या मुलाचें शिक्षण केलें. त्यांच्यापाशीं तो पोर्तुगीज भाषा व ख्रिस्ती धर्माचे पहिले पाठ शिकला, आणि त्या गुरूंनीं आपल्या ग्रंथांत शिष्याची वाखाणणी केली आहे. पुढच्याच वर्षीं काबूलच्या स्वारींत, वयाच्या अकराव्या वर्षीं, तो आघाडीच्या फौजेबरोबर होता. बुद्धि, मान, वैभव, चांगला गुरु, कशाचीच त्याला उणीव नव्हती.

१५९५ सालीं त्यानें अहमदनगरास वेढा दिला. सुरुंगानें तट उडाला, तरी चांदबिबीनें रातोरात भगदाड बुजविलें, आणि शेवटीं वऱ्हाड प्रांत घेऊन त्याला तह करावा लागला. बरोबरच्या सरदारांशीं, विशेषतः खानखानान अब्दुर्रहीम ह्याच्याशीं, त्याचें पटेना. बाळापुराजवळ शहापूर वसवून तो तेथें राहूं लागला. वाईट सोबत होतीच. त्यांत त्याचा लहानगा मुलगा रुस्तुम मरण पावला. त्या दुःखांत पिणें वाढलें, शरीर झिजलें, फेंफरें येऊं लागलें. आपला आजार मात्र तो झांकून ठेवूं लागला.

बापानें त्याला परत आणण्यासाठीं अबुल फझल ह्यास पाठविलें. हें कळतांच मुरादनें अहमदनगरच्या मोहिमेचें निमित्त करून तळ हालविला. बापासमोर त्या स्थितींत उभें राहणें त्याला नको होतें, असें आम्हांस वाटतें. अबुल फझल छावणींत पोंचला तों शाहजाद्याचा अंतकाळ आला होता.

धाकटा भाऊ दानियाल ह्याचीहि तीच गत झाली. त्याच्यासाठीं दारूबंदीचा कडक हुकूम सुटला, पहारे बसले. परंतु हुजऱ्यानें बंदुकीच्या नळींतून दारू आंत नेली, आणि १६०५ सालीं बऱ्हाणपुरास तो मेला. थोरला सलीम, जो पुढें जहांगीर झाला, तोहि दिवसाला वीस प्याले पीत असे व त्याचे हात कांपत. परंतु त्यानें हकीम हुमाम ह्यास बोलावून आपली अवस्था सांगितली, हकिमानें मरणाची स्पष्ट सूचना दिली, आणि सुमारें सात वर्षांत त्यानें वीसांचे सहा प्याले केले. अफू सुटली नाहीं, म्हणून ही पुरी मुक्तता नव्हे. तरी तो अठ्ठावन वर्षें जगला. एकानें आजार झांकला, दुसऱ्यावर पहारा बसला, तिसऱ्यानें वैद्यापुढें तोंड उघडलें. ह्यांतच सर्व बोध आहे.

आज व्यसन हा आजार मानून निवासी केंद्रांत त्यावर उपचार होतात. पुणें येथें १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट ह्यांनीं सुरू केलेलें मुक्तांगण हें त्यांपैकीं प्रसिद्ध होय. तेथें पांच आठवडे राहावें लागतें. अशा केंद्रांत पहिले दिवस शरीराचे. फार दिवस पिणाऱ्याची दारू एकाएकीं तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणहि जातो. म्हणून डॉक्टर औषधें व जीवनसत्त्वें देऊन ते दिवस पार पाडतात. मग मनाचें काम. समुपदेशक एकट्याशीं बोलतो, आणि व्यसनी माणसें गोल बसून आपापली हकीकत सांगतात. १९३५ सालीं अमेरिकेंतील अॅक्रन गांवीं दोन मद्यपींनीं एकमेकांस आधार देऊन जी चळवळ सुरू केली, तिचें मर्म हेंच कीं, पडलेल्याची लाज पडलेल्यापुढें गळते. ह्याशिवाय पहाटे उठणें, केर काढणें, व्यायाम करणें हा नेम असतो. शोक किंवा मनाचा दुसरा आजार असल्यास त्यावरहि त्याच वेळीं उपचार होतो. मुरादच्या पुत्रशोकावर तो झाला नाहीं. बायको, आई-बाप ह्यांनाहि बोलावून समजावितात. घरीं गेल्यावर पुनः भेटीस यावें लागतें, आणि पाय घसरलाच तर दार लावून घेत नाहींत.

तेव्हां वाचकहो, आपल्या घरीं असा कोणी असेल तर त्याला खोलींत कोंडूं नका; चोरून चहांत पूड घालूं नका, दोन्हींत जिवास धोका आहे. चारचौघांत त्याची फजीतीहि करूं नका. शांत वेळ पाहून त्याच्याशीं बोला, सरकारी दवाखान्यांत स्वतः बरोबर जा, आणि परत आल्यावर पंगतींत त्याला आपल्या शेजारीं बसवा. अबुल फझल फार उशिरां पोंचला. आपण वेळेवर पोंचूं या.