किरणांना न जुमानणारा रोगकण

मेंदूची स्पंजासारखी चाळण करणारे प्रायॉन रोग दुर्मीळ खरे, पण एकदा लक्षणे दिसू लागली की आजही त्यांवर उपाय नाही. सारी भिस्त प्रतिबंधावर. तो इतका अवघड का, याचा पहिला उलगडा एका भौतिकशास्त्रज्ञ महिलेने केला.

टिकव्हा आल्पर यांचा जन्म १९०९चा, केप टाऊनच्या एका उपनगरातला. आई-वडील रशियातून आलेले ज्यू निर्वासित. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्या बर्लिनला लीझ माइट्नर यांच्याकडे संशोधनासाठी गेल्या. परतल्यावर जीवाणुशास्त्रज्ञ मॅक्स स्टर्न यांच्याशी विवाह केला. जनावरांच्या अँथ्रॅक्सवरची स्टर्न यांची लस आपल्याकडेही वापरली जाते. वर्णभेदाला उघड विरोध केल्याने १९५१मध्ये आल्पर यांना देश सोडावा लागला. पुढे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील किरणोत्सर्ग संशोधन विभागाच्या त्या प्रमुख झाल्या.

तेव्हा ब्रिटनमधील मेंढपाळांना स्क्रेपी या रोगाने सतावले होते. मेंढी अंग घासत, झोकांड्या खात मरते. १९३०च्या दशकात दुसऱ्याच एका रोगावरची लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवली होती. फॉर्मॅलिन वापरूनही त्या लसीतून स्क्रेपी पसरला होता.

आल्पर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगकणावर किरणांचा मारा केला. लक्ष्य जितके मोठे, तितका नेम लवकर लागतो, हे त्यामागचे साधे तत्त्व. १९६६मध्ये दिसले की हे लक्ष्य कोणत्याही ज्ञात विषाणूपेक्षा लहान आहे. डीएनए-आरएनए नष्ट करणाऱ्या अतिनील किरणांनाही ते दाद देईना. मग १९६७मध्ये त्यांनी थेट प्रश्न मांडला : जनुकद्रव्याशिवाय हा कण वाढतो का? अनेकांना ही कल्पना पटली नाही. १९८२मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी हा कण प्रथिनाचा असल्याचे मांडून त्याला ‘प्रायॉन’ नाव दिले. प्रुसिनर यांना नोबेल मिळाले १९९७मध्ये. आल्पर १९९५मध्येच निवर्तल्या होत्या.

त्यांच्या निष्कर्षाचा अर्थ शस्त्रक्रियागृहात कळतो. स्पिरिट, फॉर्मॅलिन, साधे उकळणे येथे पुरत नाही. उपकरणे १३४ अंशांवर १८ मिनिटे ऑटोक्लेव्ह करावी लागतात किंवा टाकून द्यावी लागतात. मृतांच्या पीयूष ग्रंथीतून काढलेल्या वाढीच्या संप्रेरकातून मुलांना हा रोग झाल्याचे उघड होताच १९८५मध्ये अमेरिका व ब्रिटनने त्याचा वापर थांबवला.

लस बनवणेही कठीण, कारण हे प्रथिन मुळात आपलेच, फक्त चुकीची घडी पडलेले. प्रतिकारशक्ती त्याला परके मानत नाही. म्हणून संशोधक आता मूळ प्रथिनच कमी करू पाहतात. ते प्रथिन नसलेल्या उंदरांना हा रोग होत नाही, हे १९९३मध्ये सिद्ध झाले. ते प्रथिन बनवण्याचा संदेश अडवणाऱ्या औषधाने बाधित उंदरांचे आयुष्य वाढले, आणि अशा औषधाच्या मानवी चाचण्याही सुरू झाल्या आहेत.