जोतीराव आजारी पडले तेव्हा

सावित्रीबाई फुले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुण्याचा भिडेवाडा येतो, १८४८ सालची मुलींची शाळा येते, रस्त्याने जाताना अंगावर शेण-चिखल झेलणारी शिक्षिका येते. ३ जानेवारीला त्यांच्या जयंतीला मुले भाषणात हेच सांगतात आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या आयुष्यातील एक काळ भाषणात सहसा येत नाही. तो आहे जुलै १८८८ ते नोव्हेंबर १८९०. या सव्वादोन वर्षांत त्या अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या पत्नी होत्या. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत, जिथे नवराबायकोपैकी एक अंथरुणावर आहे आणि दुसरा उशाशी. म्हणून आम्ही या वेळी हाच काळ निवडला आहे.

त्यांचे लग्न १८४० साली झाले. जोतीराव तेरा वर्षांचे, सावित्रीबाई नऊ वर्षांच्या. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि त्यांनी बायकोला अक्षरे शिकवली. पुढे अहमदनगरला मिस फॅरार आणि पुण्याला मिसेस मिचेल या मिशनरी बाईंकडे सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे शिक्षण झाले. मूल झाले नाही. दुसरे लग्न कर असा आग्रह जोतीरावांना झाला, पण त्यांनी तो मानला नाही. एका विधवेचे मूल दोघांनी आपले म्हणून वाढवले, तोच यशवंत.

या घरातले पहिले मोठे आजारपण मात्र सावित्रीबाईंचे होते. १८५६ साली त्या इतक्या आजारी पडल्या की त्यांना सातारा जिल्ह्यातील नायगावला माहेरी जावे लागले. तिथे त्यांच्या भावाने त्यांची शुश्रूषा केली. ऑक्टोबर महिन्यात त्यांनी नायगावहून नवऱ्याला पत्र लिहिले. पूर्ण बरे वाटले की पुण्यास येते, काळजी करू नका, असा त्याचा आशय आहे. आपल्या मागे शाळेचा सगळा भार फातिमा शेख यांच्यावर पडला असेल, त्यांना त्रास होत असेल, पण त्या कुरकुर करणार नाहीत, हेही त्यात आहे. आम्हाला हे पत्र फार बोलके वाटते. आजारी माणसाला आपण कोणावर तरी ओझे झालो आहोत हे कळत असते. ते बोलून दाखवले आणि समोरच्याने ऐकून घेतले तर निम्मा ताप तिथेच उतरतो. आपल्याकडे बहुतेक घरांत हे बोलले जात नाही. बायको आजारी पडली तर ती दुखणे लपवते आणि नवरा पडला तर तो चिडचिड करतो.

पुढच्या तीस वर्षांचे काम सर्वांना ठाऊक आहे. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात मोठ्या सभेत जोतीरावांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले, तोच हात गेला. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. घोले हे त्यांचे जुने स्नेही. त्यामुळे डॉक्टर घरचाच होता, हे त्यातल्या त्यात बरे. आजच्यासारखी औषधे आणि व्यायामोपचार तेव्हा नव्हते.

थोडे सावरल्यावर जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले. आयुष्यभर उजव्या हाताने लिहिणाऱ्या माणसाने साठीनंतर डाव्या हाताने अक्षर काढायचे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना सांगायला नको. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा मोठा ग्रंथ त्यांनी १८८९ साली असा पूर्ण केला. त्यात ते एका कुटुंबाची कल्पना मांडतात. आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, तरीही सगळे एका घरात प्रेमाने नांदतात. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, जरी त्यांचे विरोधक तसा प्रचार करीत. आजारी माणूस खाटेवर पडल्यापडल्या अशा घराचे चित्र रंगवतो, याचे आम्हाला कौतुक वाटते. तो ज्या घरात पडून होता, तेथील वातावरणही त्याला कारण असले पाहिजे.

आपण रुग्णावर माया करतो, पण त्याचे काम काढून घेतो. पडून राहा, तुम्हाला काय करायचे आहे, असे म्हणतो. वाडीचा हिशेब, मुलांची शाळा, लग्नाची बोलणी, काहीही त्याला विचारत नाही. मग तो दिवसभर भिंतीकडे पाहतो आणि आपण म्हणतो की हल्ली बाबा फार हट्टी झालेत. सावित्रीबाईंच्या घरात रुग्णाचे काम चालू राहिले. फेब्रुवारी १८८९ मध्ये, म्हणजे याच आजारपणात, यशवंतचे लग्न सत्यशोधक पद्धतीने झाले. हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांची मुलगी सून म्हणून घरी आली.

योगायोग असा की याच फेब्रुवारीत तिकडे फ्रान्समध्ये लुई मार्टिन यांना कां येथील मानसिक रुग्णालयात ठेवावे लागले. ते संत तेरेजाचे वडील. त्यांची पत्नी झेली १८७७ साली स्तनाच्या कर्करोगाने वारली होती आणि त्या आजारपणात लुई तिच्यासोबत होते. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांना सांभाळणे मुलींच्या आवाक्याबाहेर गेले. तीन वर्षे ते तिथे राहिले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी या पतीपत्नीला एकत्र संतपद दिले. रुग्णाला घरी ठेवणे शक्य झाले नाही म्हणून जी माणसे मनातल्या मनात झुरतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

फुले यांच्या घरी पैशाची ओढाताण झाली. एके काळी जोतीराव चांगले कंत्राटदार होते, पण मिळवलेले बरेचसे समाजकार्यात गेले होते. ३१ जुलै १८९० रोजी त्यांचे स्नेही मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदतीची विनंती केली. त्या पत्रात त्यांनी जोतीरावांपेक्षाही सावित्रीबाईंची थोरवी अधिक असल्याचे म्हटले. बडोद्याची मदत आली, पण जोतीराव गेल्यानंतर. लग्नात आपण वेदीसमोर आजारपणातही एकमेकांना साथ देण्याचे वचन देतो. ते वचन दोघे देतात हे खरे, पण औषधांचे बिल त्या दोघांनीच भरावे असे कुठे आहे? पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी पवित्र कम्युनियन नेले जाते. त्याच दिवशी शेजाऱ्याने तासभर रुग्णाजवळ बसून त्या घरच्या बाईला बाजारात किंवा मिस्साला जाऊ दिले, तर किती सोय होईल!

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आपल्याला पुरावे अशी त्यांची इच्छा होती, पण नगरपालिकेने परवानगी नाकारली म्हणून दहन करावे लागले. दत्तक मुलाने टिटवे धरण्यास पुतण्याने हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः हातात घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्या काळी बायका स्मशानात जात नसत.

पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.