शब्दांची कुळकथा सांगणारे डॉ. भांडारकर

मराठी म्हणजे संस्कृत बिघडून उरलेली अशुद्ध बोली, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात पुष्कळ सुशिक्षितांमध्येही रूढ होती. ती शास्त्राच्या आधारे दूर करणाऱ्यांत डॉ. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे स्थान अग्रगण्य होय.

त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. रत्नागिरीस प्रारंभीचे शिक्षण संपवून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले आणि १८६२ साली, न्यायमूर्ती रानडे यांच्यासमवेत, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत गणले गेले. पुढे त्यांनी मुंबई व पुणे येथे संस्कृतचे अध्यापन केले. कित्येक पिढ्यांनी त्यांच्या ‘मार्गोपदेशिके’चे बोट धरूनच संस्कृतात पहिले पाऊल टाकले.

१८७७ साली विल्सन व्याख्यानमालेत त्यांनी सात व्याख्याने दिली. वेदभाषेपासून पाली, प्राकृत व अपभ्रंश या पायऱ्यांनी आपल्या देशी भाषा कशा उतरल्या, हे त्यांत त्यांनी उलगडले. केवळ उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती ठरविणे हे शास्त्र नव्हे. बदलाचा नियम दाखविता आला पाहिजे. ‘हस्त’चा ‘हत्थ’ व मग ‘हात’, ‘सप्त’चा ‘सत्त’ व मग ‘सात’, ‘कर्म’चा ‘कम्म’ व मग ‘काम’ झाला. जोडाक्षरातील व्यंजने आधी सारखी झाली, नंतर त्यांतील एक गळून मागील स्वर दीर्घ झाला. जिच्या बदलालाही असा नियम आहे, ती बोली भ्रष्ट कशी म्हणावी?

शब्दांचे अर्थही असेच वाटा बदलतात. ‘काम’ शेतात व स्वयंपाकघरात रुळले, तर ‘कर्म’ धर्मविधी व प्रारब्ध यांकडे वळले. ‘गर्भिणी’पासून आलेला ‘गाभण’ हा शब्द गोठ्यातील जनावरांपुरता उरला. एकाच घरच्या भावांनी निरनिराळे संसार थाटावे, तसेच हे झाले.

१८८५ साली जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९१४ साली ती व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यास त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, हा ज्ञानर्षी निवर्तला.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडचे जुने शब्द ऐकून तरुणांनी हसू नये. ते टिपून ठेवावे. डॉक्टरांच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन कोणते?